ड्रॉवरमधली मूठ

पत्र :

गेली चार वर्षं मी चित्रपटांतल्या वस्तूंच्या प्रतिकृतींचे धातूचे सुटे भाग जमवतो आहे. सुरुवात 'स्टार वॉर्स'च्या पहिल्या चित्रपटातल्या ओबी-वॉन केनोबी या पात्राच्या लाइटसेबरपासून, म्हणजे प्रकाशाच्या पात्याच्या तलवारीपासून झाली. लेथवर घडवलेला, नर्लिंग केलेला, म्हणजे पकडीसाठी बारीक खाचांची जाळी उठवलेला, एखादा भाग हातात घेतला की मला दुसरं काही सुचत नाही. ड्रॉवर भरला आहे, पण एकही मूठ पुरी झालेली नाही. दोन कारागिरांकडून घेतलेले दोन भाग एकमेकांत बसत नाहीत. दीड आटा जातो आणि अडकतो. कानस लावू का? एका कारागिराला आगाऊ पैसे देऊन चौदा महिने झाले, भाग आलेला नाही. काही जण म्हणतात, प्रतिकृती कशाला, जुने अस्सल भागच घे. भाऊ 'लोखंडाचे तुकडे' म्हणून हसतो. बायकोला मी निम्म्या पार्सलांबद्दल सांगितलेलं नाही. हा छंद सोडून द्यावा का?

उत्तर :

प्रिय वाचकमित्र,

कानस खाली ठेवा. बाकीचं नंतर बोलू.

मी आयुष्यातली बरीच वर्षं टूलरूममध्ये लेथवर काढली आहेत, त्यामुळे 'दीड आटा जातो आणि अडकतो' हे वाक्य वाचल्याबरोबर माझं लक्ष तिथेच खिळलं. आट्यांत कचरा किंवा बर, म्हणजे धातू कापताना उरलेली बारीक कोर, राहिली असेल, तर भाग सुरुवातीलाच कुरकुरतो. मुलामा जाड बसला असेल, तर पहिल्यापासून घट्ट जातो आणि तसाच घट्ट जात राहतो. पण सुरुवातीला सहज जाऊन एक-दोन फेऱ्यांत जागच्या जागी थांबत असेल, तर बहुतेक वेळा दोन्ही भागांची पिचच वेगळी असते. म्हणजे एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंतचं अंतर दोघांचं सारखं नाही. पाव इंची स्क्रूला इंचाला २० आटे असतील तर त्याची पिच १.२७ मिलिमीटर, सहा मिलिमीटरच्या मेट्रिक स्क्रूची नेहमीची पिच १ मिलिमीटर. दर फेरीला ०.२७ मिलिमीटरचा फरक साठत जातो आणि दुसऱ्या फेरीपर्यंत आटे एकमेकांवर चढून बसतात. हे उदाहरण लहान स्क्रूचं आहे, तुमचे भाग मोठ्या व्यासाचे असणार, पण गोष्ट तीच.

त्यात कोनाचाही प्रश्न आहे. जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ साली मांडलेल्या जुन्या ब्रिटिश आट्याचा कोन ५५ अंशांचा, तर मेट्रिक आणि अमेरिकन आट्यांचा ६० अंशांचा. तुमच्या मुठीतले मूळ भाग बहुतेक ब्रिटिश, एखाद-दुसरा अमेरिकन. एका कारागिरानं मूळ वस्तू हातात घेऊन जसेच्या तसे जुने आटे पाडले असतील आणि दुसऱ्यानं आपल्या यंत्राला सोयीचे मेट्रिक पाडले असतील, तर दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. कानशीनं हे दुरुस्त होत नाही. कानस आट्याचा माथा खाते, पिच बदलत नाही.

दुसरी शक्यताही तपासून पाहा, कारण ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ॲल्युमिनियमवर ॲनोडायझिंग केलं, म्हणजे विजेच्या साहाय्यानं ऑक्साइडचा टणक थर चढवला, की त्या थराची साधारण निम्मी जाडी धातूच्या आत जाते आणि निम्मी बाहेर वाढते. २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर असेल तर पृष्ठभाग सुमारे १० मायक्रॉननं वर येतो. आकडा किरकोळ वाटतो. पण ६० अंशांच्या आट्यावर त्याचा परिणाम चौपट होतो, कारण थर आट्याच्या दोन्ही उतारांवर बसतो. बाहेरच्या भागाला ०.०४ आणि आतल्याला ०.०४, म्हणजे जोड ०.०८ मिलिमीटरनं आवळला. चांगला कारागीर हा हिशेब धरून आटे आधीच थोडे सैल पाडतो किंवा मुलाम्याच्या वेळी ते झाकून ठेवतो. घाईतला कारागीर विसरतो.

आणि कृपा करून जोर लावू नका. कोरडं ॲल्युमिनियम कोरड्या ॲल्युमिनियमवर घासलं की ते एकमेकाला धरतं, कण ओढले जातात आणि दोन्ही भाग कायमचे जाम होतात. मी एकदा तसंच केलं होतं. फार सुंदर नर्लिंग असलेला भाग होता, हिरे कापावेत तसे कंगोरे. बसत नाही म्हणून आधी कानस फिरवली, मग पान्यात धरून पिळला. आटे गेले ते गेलेच, वर पान्याचे दात त्या नर्लिंगवर उठले. तो भाग घडवणाऱ्यानं त्यावर किती वेळ दिला असेल हे मला चांगलं माहीत होतं, म्हणून जास्त लागलं. तो अजून माझ्या टेबलावर आहे.

आता भाग जुळत का नाहीत, याचं मोठं कारण. तुम्हाला ते थोडंफार माहीत असेल, पण तुमच्या भावाला सांगण्यासाठी सविस्तर लिहितो.

या वस्तूंचं मूळ रेखाटन कुठेच नाही, कारण त्या कधी रेखाटनावरून घडवल्याच गेल्या नाहीत. १९७७ च्या त्या चित्रपटाची सेट सजावट रॉजर ख्रिश्चन यांच्याकडे होती. हाताशी पैसे थोडे. त्यांनी भंगारातून, जुन्या यंत्रांतून, दुकानांच्या मागच्या खोक्यांतून वस्तू उचलल्या आणि त्यांना नवं रूप दिलं. चित्रपटाचा नायक ल्यूक याच्या तलवारीची मूठ म्हणजे लंडनच्या फोटोसामानाच्या एका दुकानात त्यांना सापडलेली ग्राफ्लेक्स कंपनीच्या फ्लॅशची दांडी. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार मोठ्या कॅमेऱ्याच्या बाजूला जो फ्लॅश लावत, त्याची. आत तीन मोठ्या डी-सेल बॅटऱ्या बसत. ती मूठ हातात इतकी नेमकी बसते, कारण तिची जाडी बॅटरीनं ठरवली आणि लांबी तीन बॅटऱ्यांनी. ख्रिश्चन यांनी त्यावर काळ्या पट्ट्या चिकटवल्या आणि कॅल्क्युलेटरच्या आकड्यांवरची भिंगाची पट्टी क्लॅम्पमध्ये बसवली. झाली तलवार. पुढच्या वर्षी ज्या चमूला कला दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं, त्यात ते होते.

तुमची ओबी-वॉनची मूठ तर याहून विलक्षण आहे. तिचं तोंड रोल्स-रॉइसच्या डरवेंट जेट इंजिनाच्या बॅलन्स पाइपचं. हे इंजिन ग्लॉस्टर मीटिओर विमानांना लावत. मधला खाचांचा भाग पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश रायफल ग्रेनेडचा. पट्टा ग्राफ्लेक्सच्या फ्लॅशचा. त्याखालचा भाग ब्राउनिंग मशीनगनच्या नळीच्या तोंडाशी बसणारा बूस्टर. आणि शेवटचं टोक म्हणजे आर्मिटेज शँक्सच्या न्हाणीघरातल्या नळाची फिरवायची चावी. युद्ध, विमान, वृत्तपत्र आणि नळ, चारही एका हाताच्या पकडीत. यातला कुठला तुकडा मुळात कशाचा, हे चाहत्यांनी जुन्या छायाचित्रांवर भिंग धरून, मोजून, एकेक करून शोधून काढलं. तुमच्या भावानं ज्याला लोखंडाचे तुकडे म्हटलं, त्या प्रत्येकामागे असा कुणीतरी बसलेला आहे. शिवाय त्यांत लोखंड क्वचितच असतं. चुंबक लावून दाखवा.

मुद्दा असा की मूळ वस्तू ओबडधोबड होती. पडद्यावर काही सेकंद दिसायची म्हणून जोडलेली, पोचे पडलेली, रंग उडालेला. एकेका वस्तूच्या प्रतीही बहुधा एकाहून जास्त असतात : जवळून दिसणारी वेगळी, मारामारीत वापरायची वेगळी. मग आज लेथवर मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंत नेमका घडवलेला तुमचा तुकडा कशाची प्रतिकृती आहे? पडद्यावरच्या वस्तूची? कारखान्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मूळ भागाची? की सगळ्यांच्या मनातल्या आदर्श मुठीची? या तिन्हींची मापं, कडा आणि झळाळी वेगवेगळी असतात. तुमच्या ड्रॉवरमध्ये मला वाटतं तिन्ही एकत्र झाली आहेत, आणि म्हणूनच काही पुरं होत नाही. एक ठरवा. माझं मत विचाराल तर मूळ भागाची प्रतिकृती घ्या. पडद्यावरचे पोचे मुद्दाम पाडलेले मला आवडत नाहीत. तुमच्या हाताळण्यानं कडा घासल्या जातील तेवढ्या पुरे. पण हे माझं मत. ज्याला चित्रपटातला तो नेमका क्षण हवा असतो, त्याला तो ओरखडाही हवा असतो, आणि ते मला समजतं.

एक गोष्ट मात्र मतावर सोडू नका : धातू. पितळेची घनता ॲल्युमिनियमच्या तिपटीहून थोडी जास्त, आणि स्टेनलेस स्टीलही त्याच्या जवळपास तिप्पट जड. वेगवेगळ्या कारागिरांचे भाग एकत्र लावले की मुठीचा तोल कुठल्या तरी एका टोकाला जातो. टोकाकडचा नळाचा भाग पितळेचा आणि वरचे सगळे ॲल्युमिनियमचे असतील, तर मूठ हातात धरताच मागे कलते. पुढचा भाग मागवण्याआधी असलेल्या भागांचं वजन करून ठेवा.

अस्सल जुन्या भागांबद्दल. पत्र लिहिताना तुमच्या मनात ओढ होती, ते जाणवलं. जुन्या धातूला एक चेहरा असतो आणि कुठल्याही नव्या यंत्राला तो आणता येत नाही, हे मी नाकारणार नाही. पण ग्राफ्लेक्सच्या त्या दांड्या आता कुणी बनवत नाही. त्यांवर जीव लावणारा दुसरा एक वर्गही आहे : जुने कॅमेरे जपणारे. आपल्या नादापायी पुष्कळ धडधाकट फ्लॅश मोडले गेले, वरची परावर्तकाची वाटी आणि आतलं सगळं टाकून फक्त नळी ठेवली गेली. त्यांचा राग रास्त आहे. म्हणून माझा नियम साधा : फ्लॅश पूर्ण असेल तर त्याला हात लावायचा नाही. आधीच मोडलेली, वाटी हरवलेली दांडी मिळाली तर घ्या, तिला मानानं वापरा. बाकी सगळ्यासाठी प्रतिकृतीच बरी. चांगला कारागीर एक मूळ भाग काळजीपूर्वक मोजतो आणि त्यावरून अनेकांची हौस भागवतो. मूळ भाग तसाच शाबूत राहतो. प्रतिकृती घेण्यात कमीपणा नाही, हे मी अगदी मनापासून सांगतो.

ग्रेनेडच्या भागाबाबत तर विचारही करू नका. शंभर वर्षं जुना असला तरी दारूगोळा तो दारूगोळा. निकामी केल्याचा कागद नसलेली अशी वस्तू कुणी देऊ केली, तर उचलू नका, उघडू नका, पोलिसांना कळवा. आणि तुमची प्रतिकृती नुसता ॲल्युमिनियमचा पोकळ तुकडा असली तरी ती हातसामानात घालून विमानतळावर जाऊ नका. क्ष-किरणाच्या पडद्यावर तिचा आकार ग्रेनेडसारखाच दिसतो, कारण ती ग्रेनेडचीच आहे. त्याच चित्रपटातल्या हान सोलो या पात्राच्या पिस्तुलासारख्या वस्तू जमवायला लागलात तर हे दुपटीनं लागू. ते माउझर सी-९६ या खऱ्या पिस्तुलावरच बांधलेलं होतं. मागवण्यापूर्वी आपल्याकडचा शस्त्रांच्या प्रतिकृतींचा कायदा वाचा, आणि घराबाहेर उघडी नेऊ नका.

चौदा महिन्यांच्या उधारीबद्दल मी कारागिराच्या बाजूनं आधी दोन वाक्यं बोलतो. असे भाग घडवणारे बहुतेक एकटे असतात. यंत्र भाड्यानं घेतात, मुलामा बाहेरून करून घेतात, आणि मुलामेवाल्यानं सगळा गठ्ठा डागाळून परत दिला की पुन्हा पॉलिशपासून सुरुवात. सहा-आठ महिने असे सहज जातात. पण चौदा महिन्यांत अर्धवट भागाचं एकही छायाचित्र आलं नसेल, तर विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. एकच पत्र लिहा. राग नको, विनवणीही नको. पैसे कधी दिले, काय ठरलं होतं, आणि आज तयारी कुठपर्यंत आली याचं छायाचित्र कोणत्या तारखेपर्यंत हवं, एवढंच. तारीख उलटली तर पैसे परत मागा. नाही मिळाले, तर ज्या मार्गानं पैसे पाठवले तिथली तक्रारीची मुदत अजून शिल्लक आहे का ते त्याच दिवशी पाहा. पुढच्या वेळी पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. पहिला तयार झालेला नमुना, त्याची मोजलेली मापं, आटे कोणत्या मापाचे, धातू कोणता, हे पाहिल्यावर उरलेले द्या. जो ही माहिती आनंदानं देतो, त्याचं काम बहुधा चांगलं असतं, कारण त्याला आपल्या मापांचा अभिमान असतो. आणि दुसऱ्याचा भाग आणून, त्याची नक्कल उतरवून स्वस्तात विकणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. मोजमाप करण्यात ज्यानं महिने घातले, त्याच्या तोंडचा घास तो काढतो.

आता पार्सलं.

तुमच्या पत्रातलं हे वाक्य अगदी शेवटाकडे, जाता जाता आलेलं आहे. माझ्या मते पत्र त्याच्यासाठीच लिहिलं गेलं. तुम्ही छंद सोडू का असं विचारता, पण आटे अडकल्यामुळे कुणी छंद सोडत नाही. तुम्हाला ड्रॉवर उघडताना आनंदाबरोबर भीतीही वाटायला लागली आहे, आणि ती भीती धातूची नाही.

बायकोला सांगा. तुकड्यातुकड्यानं नको, 'हे एक राहिलं होतं' असं दर आठवड्याला नको. एका संध्याकाळी सगळे भाग टेबलावर काढा, एका वहीत प्रत्येकाची तारीख, कारागीर आणि रक्कम लिहा, चौदा महिने अडकलेले पैसेही लिहा, आणि बेरीज करून ती वही त्यांच्यापुढे ठेवा. बेरीज तुम्ही स्वतःही कधी केली नसेल. त्या रागावतील. रागावू द्या, लगेच जेट इंजिनाची गोष्ट सांगायला घेऊ नका. त्यांचा राग नळाच्या चावीवर नसून लपवण्यावर असेल. मग दोघांनी मिळून महिन्याचा एक आकडा ठरवा. त्या म्हणाल्या की वर्षभर काहीच मागवायचं नाही, तर वर्षभर मागवू नका. धातू कुठे पळून जात नाही. ज्या गोष्टीवर तुमचं इतकं प्रेम आहे, ती घरातल्या माणसापासून लपवावी लागते याचं मला खरंच वाईट वाटलं.

वर्षभर मागवायचं नाही असं ठरलं, तरी करण्यासारखं भरपूर आहे. एक मूठ पुरी करा, एकच. ओबी-वॉनचीच, कारण सुरुवात तिथून झाली. तिच्यासाठी न लागणारे, दुबार आलेले भाग बाजूला काढा आणि ज्याची मूठ त्याच भागावाचून अडली आहे अशा माणसाला घेतल्या किमतीला द्या. उरलेले नीट ठेवा. पीव्हीसीच्या मऊ पिशव्यांत बंद करून ठेवले असतील तर आजच बाहेर काढा. त्यातून जे बाहेर पडतं ते धातूला चांगलं नाही. कच्च्या लाकडाचा किंवा एमडीएफचा ड्रॉवर आम्लाची वाफ सोडतो, त्यामुळे पितळ काळवंडतं; आत पॉलिथिलीनचा कागद अंथरा. हाताळल्यावर मऊ कापडानं पुसा, कारण बोटांच्या घामातलं मीठ पितळेवर ठसा सोडतं. क्रोमच्या मुलाम्यावर भांडी घासायची पावडर नको, आणि ॲनोडाइज केलेल्या भागावर सोड्याचं पाणी तर मुळीच नको, तो थर अल्कलीत विरघळतो. संग्रहालयांत वापरतात तसं सूक्ष्मस्फटिकी मेण मिळालं तर पातळ हात द्या. एवढ्यावर थांबा.

राहिले ते दोन न जुळणारे भाग. व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घेणारी मोजपट्टी, असेलच तुमच्याकडे. बाहेरच्या आट्यांच्या एका माथ्यापासून पुढच्या दहाव्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजा. माथा धरून मोजायचं, खाच धरून नाही. १२.७ आलं तर इंचाला २० आटे, १० किंवा १५ असा गोल आकडा आला तर मेट्रिक. आतल्या आट्यांसाठी पिच गेज, म्हणजे आट्यांवर लावून पाहायच्या दातेरी पट्ट्या, लागेल; नसेल तर त्यात मेणाची कांडी दाबून ठसा घ्या आणि तो मोजा. दोन्ही आकडे सारखे निघाले तर दोष मुलाम्याचा. मग भाग ज्याच्याकडून घेतला त्याच्याकडेच पाठवा, तो आटे काळजीपूर्वक मोकळे करून देईल. वेगळे निघाले तर दोन्ही भाग जसेच्या तसे राहू द्या आणि मधे बसणारा एक छोटा बुश करून घ्या, आतून एका मापाचा, बाहेरून दुसऱ्या. कुठलाही बरा लेथवाला तासाभरात करून देईल. पितळेचा करायला सांगा, ॲल्युमिनियमचा नको, म्हणजे तो धरणार नाही. दोन्ही आकडे आणि दोन्ही व्यास मला लिहून पाठवा, मी बुशचं रेखाटन काढून देतो.